वॉचमनचं नाव

मी रहस्यकथा लिहितो हे मोखाड्याच्या पंचायत समितीत सगळ्यांना ठाऊक होतं, पण माझं एकही पुस्तक कुणी माझ्या नावावर वाचलेलं नाही. पुस्तकांवर माझं नाव नव्हतंच. प्रकाशकाने एक टोपणनाव तयार करून ठेवलं होतं, भारदस्त, आडनावासकट, आणि त्या नावाखाली आम्ही किती जण लिहीत होतो ते त्याचं त्यालाच माहीत. एकदा जव्हारच्या लायब्ररीतून त्याच नावाचं एक पुस्तक मी आणलं आणि अर्ध्यावर आल्यावर मला शंका यायला लागली की हे आपणच लिहिलंय की काय. नव्हतं लिहिलेलं. माझ्या पुस्तकांत लोक इतक्या सिगारेटी ओढत नाहीत.

नोकरी कनिष्ठ लिपिकाची, टेबल आवक-जावकचं. राहायला जव्हारात. सकाळच्या एसटीने मोखाड्याला जायचं आणि संध्याकाळी मिळेल त्या जीपने परत यायचं. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे डबा खाऊन चहाला बाहेर पडले की मी जावक रजिस्टरखालून फुलस्केप काढायचो. एकदा साहेबांनी पकडलं. उभ्याउभ्या दोन पानं वाचली आणि म्हणाले, "बाई मेली कशाने तेवढं सांगून ठेवा, नाहीतर मला आज काम सुचायचं नाही." त्यानंतर त्यांनी कधी हटकलं नाही.

प्रकाशकाचे नियम ठरलेले होते. सोळा पानांचा एक फॉर्म, असे सहा फॉर्म, त्यावर एक ओळ जास्त नको. पहिल्या फॉर्मात मुडदा पडलाच पाहिजे. गुन्हेगार पाचव्या फॉर्मापर्यंत वाचकाच्या डोळ्यांसमोर वावरला पाहिजे, पण नजर त्याच्यावर ठरता कामा नये. आणि सगळं मुंबईत घडलं पाहिजे, कारण पाड्यावरच्या मरणात कुणाला रस नसतो. मुंबई मी तोवर दोनदा पाहिली होती, दोन्ही वेळा एसटी स्टँडपासून प्रकाशकाच्या दुकानापर्यंत. त्यामुळे माझ्या पहिल्या कादंबरीत शेठजींच्या बंगल्यात खुनी कणगीआड लपला. कणगी म्हणजे भात साठवायची बांबूची उंच टोपली, आमच्याकडे घराघरांत असते. प्रकाशकाचं पत्र आलं, "बंगल्यात कणगी कुठली? पडदा करतो." दुसऱ्या कादंबरीत फ्लॅटमध्ये प्रेत सापडल्यावर मजल्यावरचे सगळे शेजारी येऊन बसले, कुणी लाकडं आणली, कुणी त्या घरातल्या मुलांना आपल्याकडे जेवायला नेलं. त्यावर पत्र आलं, "हे लोक दार उघडत नाहीत. त्यांनी उघडलं तर तुमची गोष्ट तिथेच संपते." मग मी शेजाऱ्यांना दार लावून घरात बसवायला शिकलो. हळूहळू हात बसला. वर्षाला तीन, कधी चार पुस्तकं व्हायची.

माझा बाप, म्हणजे आमचा बा, साखरशेतजवळच्या आमच्या पाड्यावर राहायचा, धाकट्या भावाच्या संसारात. भात आणि नागली, याखेरीज त्याने आयुष्यात काही पिकवलं नाही. शाळा त्याने पाहिली नव्हती. पुढे प्रौढ शिक्षणाचा वर्ग निघाला तेव्हा दोन महिने गेला, तेवढ्यात स्वतःचं नाव वाचायला आणि गिरवायला शिकला, आणि वर्ग बंद पडला. तीन अक्षरं. त्या तीन अक्षरांच्या जोरावर तो सातबाऱ्यापासून लग्नपत्रिकेपर्यंत हाती येईल त्या कागदात स्वतःला शोधायचा.

पहिलं पुस्तक छापून आलं तेव्हा मी ते घेऊन पाड्यावर गेलो. बाने हात धुतले, लुंगीला पुसले, पुस्तक घेतलं आणि वेष्टनावर बोट ठेवलं.

"तुझा नाव कुठला ह्यात?"

"माझं नाव नसतं बा. दुकानवाल्याने ठरवलेलं असतं."

"लिवला तू, आन नाव त्याचा?"

मी दुसऱ्याच्याच शेतात भाताची आवणी करून आलोय अशा नजरेने तो माझ्याकडे बघत राहिला. मला राग आला, कारण त्याचं म्हणणं खरं होतं.

दुसऱ्या पुस्तकात मी त्याचंच नाव घातलं. लिफ्टमनला दिलं. माझं नाव छापायला प्रकाशक तयार नव्हता, पण लिफ्टमनचं नाव काय ठेवायचं ते त्याच्या अखत्यारीत येत नव्हतं. बाला सांगितलं, "आत शोध." त्याने ओटीवर बसून पानापानावरून बोट फिरवलं, दुपार घालवली, आणि सापडल्यावर आख्ख्या घराला बोलावून दाखवलं. "हा बघा, मी."

"मी काय करतो इथं?" त्याने विचारलं.

"दार उघडतोस."

"बरा करतो," बा म्हणाला.

तेव्हापासून प्रत्येक पुस्तकात एक माणूस बाच्या नावाचा. कधी पोस्टमन, कधी निवृत्त हवालदार, कधी नुसता रस्ता सांगणारा. मी त्याला कधी मारलं नाही, त्याच्यावर कधी संशय येऊ दिला नाही. एका पुस्तकाचा अपवाद सोडून.

त्या पुस्तकाचं सांगायचं तर बहिणीचं सांगायला हवं. माझ्या पाठची बहीण बारा वर्षांची असताना आवणीच्या दिवसांत गेली. ताप होता. तिला जव्हारला दवाखान्यात न्यायचं होतं आणि बा म्हणाला, आवणी उरकली की नेऊ. आवणी, म्हणजे भाताच्या रोपांची लावणी, दोन दिवसांनी उरकली. त्या संध्याकाळी तिला उचलून तो निघाला आणि सडकेला लागायच्या आत ती गेली. एवढी हकीकत मला आईने सांगितली, तीही सगळं झाल्यावर, मी आश्रमशाळेतून घरी पोचल्यावर. तेव्हा मी नववीत होतो.

मी बाला काही विचारलं नाही. त्यानेही काही सांगितलं नाही. शेतात रोपं हिरवीगार उभी होती, आणि त्या वर्षी भातही चांगलं आलं. ते भात मी खाल्लं. ते खाताना बाचा जो राग आला तो पुढे किती वर्षं माझ्यात तसाच राहिला ते मलाही कळलं नाही. नोकरी लागली, लग्न झालं, वरकरणी सगळं ठीक. सणावारी पाड्यावर जायचो, बाशी पावसापाण्याचं बोलायचो.

मग माझी मुलगी झाली, आणि दीड वर्षाची असताना एका सकाळी तिला ताप भरला. मी रजेचा अर्ज टाकला आणि तिला घेऊन जव्हारच्या दवाखान्यात गेलो. डॉक्टरांनी तपासलं, एक इंजेक्शन दिलं, एक औषधाची बाटली दिली. पाव तास लागला असेल. दुपारपर्यंत पोरगी घरभर दुडदुडत होती. मी दवाखान्याच्या पायरीवर बसलो होतो तेव्हा माझ्या मनात एकच गोष्ट आली, की एवढंच लागत होतं. एवढंच.

त्यानंतर अकरा दिवसांत मी ते पुस्तक लिहिलं. मुंबईतला एक बंगला, शेठजी परगावी. वरच्या मजल्यावर त्यांच्या आश्रयाला असलेली एक लहान मुलगी आजारी, आणि खाली फाटकाची किल्ली सांभाळणारा वॉचमन. शेठजी यायच्या आत कंपाउंडची भिंत रंगवून व्हायची आहे म्हणून वॉचमन डॉक्टरकडे जाणं दोन दिवस पुढे ढकलतो. मुलगी मरते. विष नाही, सुरा नाही, गळ्यावर वळ नाही. सगळे नातेवाईक संशयित, वॉचमन सगळ्यांना चहा देत फिरतो. शेवटच्या फॉर्मात माझा डिटेक्टिव्ह म्हणतो, हत्यार सापडणार नाही, कारण हत्यार दोन दिवस होतं.

वॉचमनला मी बाचं नाव दिलं. घाईत दुसरं सुचलं नाही, असं मी बरीच वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खोटं आहे. मला दुसरं नाव नकोच होतं.

प्रकाशक बेहद्द खूश झाला. बिनहत्यारी खून त्याने आजवर छापला नव्हता. ते पुस्तक पुन्हा पुन्हा निघालं, वाचकांची पत्रं त्या टोपणनावाला आली, त्यातली काही प्रकाशकाने मला पाठवली. लायब्ररीवाला म्हणायचा की बाकीची पुस्तकं लोक आणून देतात, हे एक परत येत नाही. माझं सगळ्यांत चांगलं पुस्तक तेच. तसं चांगलं मला नंतर कधी लिहिता आलं नाही, कारण बाकीच्यांतले खून मी रचलेले होते.

मी ते बाला नेऊन दिलं. काय वाटलं असेल मला तेव्हा? सूड घेतल्यासारखं वाटलं, खोटं कशाला बोलू. वाचता न येणाऱ्या माणसाच्या हातात त्याचं आरोपपत्र द्यायचं, आणि त्याने त्यात आपलं नाव शोधत हसायचं. बाने बोट फिरवायला सुरुवात केली आणि प्रत्येक पानावर त्याचं बोट अडखळायला लागलं.

"लई जागी हाय मी ह्यात," तो म्हणाला. "काय करतो?"

"राखण करतोस."

बाने मान हलवली. बाकीची पुस्तकं घरात कुठेही पडायची, पोरं फाडायची, कुणी पानांत तंबाखू बांधायचं. हे एक त्याने खताच्या पिशवीत गुंडाळलं आणि पत्र्याच्या पेटीत रेशनकार्ड आणि सातबाऱ्याबरोबर ठेवलं. सगळ्यांत जास्त वेळा त्याचं नाव आलेलं पुस्तक म्हणून. मला तरी तसंच वाटलं.

सुडाची चव फार दिवस टिकली नाही. पाड्यावर गेलो की ती पेटी दिसायची आणि मला लाज वाटायची. आई गेली, मग तर बा अगदी गप्प झाला. मनात यायचं, पेटीतून ते पुस्तक काढून घ्यावं. पण काय सांगून काढून घेणार? शिवाय त्याला कुठे वाचता येतंय, असं म्हणून मी गप्प बसायचो. तीस वर्षं अशी काढली.

मध्यंतरी माझा धंदाही बसला. लायब्ऱ्या बंद झाल्या, प्रकाशकाच्या मुलाने दुकानात मोबाइलची कव्हरं विकायला सुरुवात केली, आणि ते भारदस्त टोपणनाव कुणाचंच राहिलं नाही. मी निवृत्त झालो. सकाळची एसटी चुकली तरी चालायला लागलं, आणि त्याने मला जरा हरवल्यासारखं झालं.

मग माझी ती तापवाली मुलगी, आता नाशिकला नर्स आहे, तिने कुठल्याशा गोष्टी ऐकायच्या अ‍ॅपला माझ्याबद्दल कळवलं. तिकडच्या एका मुलीचा फोन आला. "सर, तुमची ती वॉचमनवाली गोष्ट आम्हाला हवीय. माझ्या बाबांची फार आवडती होती." दहा-दहा मिनिटांचे भाग करून द्यायचे होते. आणि या वेळी लेखक म्हणून माझं खरं नाव सांगणार होते. आयुष्यात पहिल्यांदा.

मी भाग लिहायला बसलो आणि पहिल्याच भागात थांबलो. पुस्तक बाला वाचता येत नव्हतं, पण ऐकायला काय लागतं? भावाच्या घरी फोन होता. बा आता ऐंशीच्या पुढचा, पण कान तिखट. तो ऐकणार, त्याचं नाव घेऊन डिटेक्टिव्ह त्याला खुनी म्हणणार, आणि आवाज देणारा नट त्यात भर घालून ओरडणार. मी त्याच्याशी असं वागू शकत नव्हतो. राग कधीच निवला होता, आणि उरला होता तो फक्त एक म्हातारा माणूस. मी वॉचमनचं नाव बदललं. कॉम्प्युटरवर एक शब्द काढून सगळीकडे दुसरा घालायला क्षणभरही लागत नाही.

अ‍ॅपवर गोष्ट आली. मी कुणाला काही कळवलं नाही, पण माझ्या पोरीने कौतुकाने भावाच्या घरच्या त्या फोनवर आजोबांसाठी सगळे भाग भरून ठेवले. भावाने सांगितलं, बा रोज न्याहारीनंतर ओटीवर बसून एक भाग ऐकतो, आणि भाग संपला की दिवसभर कुणाशी बोलत नाही. शेवटचा भाग राहिला होता तेव्हा मी सकाळच्या जीपने पाड्यावर गेलो. नाव तर बदललंय, मग आपण घाबरतोय कशाला, असं वाटेत स्वतःला विचारत होतो.

भाताची झोडणी होऊन गेली होती, अंगणात पेंढा रचलेला. भाऊ आणि वहिनी कामावर गेलेले. बाने मला बसायला सांगितलं आणि शेवटचा भाग लावला. आम्ही दोघांनी तो शेजारी बसून ऐकला. डिटेक्टिव्ह बोलला, वॉचमन कबूल झाला, संगीत वाजलं, एका बाईच्या आवाजात लेखक म्हणून माझं नाव आलं. बा त्या नावाला हसेल असं मला वाटलं होतं. त्याने फोन उलटा करून ओटीवर ठेवला.

"हा वॉचमन कोण?" त्याने विचारलं.

"आहे एक. गोष्टीतला."

"ह्याचा नाव दुसरा हाय."

"तुझं नाव यात नाही बा. ही नवी गोष्ट आहे."

"नवी कशी? गुरुजीनी वाचून दाखवली व्हती ना मला."

मला आधी समजलंच नाही. मग त्याने सांगितलं, थांबत थांबत. ज्या वर्षी मी पुस्तक दिलं त्याच वर्षी त्याने पाड्यावरच्या शाळेच्या गुरुजींना बोलावलं होतं. ते पुढे जामसरला बदलून गेले. तीन रविवार ते याच ओटीवर येऊन पहिल्या पानापासून वाचत होते. गोष्ट कुठे चालली आहे ते लक्षात आल्यावर गुरुजी थांबले, म्हणाले, राहू दे, पुढे काही खास नाही. बा म्हणाला, वाचा. आणि गुरुजींनी शेवटपर्यंत वाचलं. आईही आत बसून ऐकत होती.

म्हणजे तीस वर्षं मी त्याच्यासमोर बसून जेवलो, दिवाळीला त्याच्या पाया पडलो, आणि सगळा वेळ त्याला ठाऊक होतं. दुसऱ्याच्या चेहऱ्यावरून गुन्हा ओळखणारी माणसं मी इतकी लिहिली, पण माझ्या बापाच्या चेहऱ्याकडे मी एवढ्या वर्षांत नीट पाहिलं नव्हतं.

"मग तू मला बोलला का नाहीस?" मी विचारलं.

"काय बोलू? खरा लिवलास."

मग तोच म्हणाला, "आता माझा नाव कां काढला?"

"तुला वाईट वाटेल म्हणून."

"वाटू दे की. पोर माझी व्हती. ह्या दुसऱ्याची ती कोण लागं?"

त्याने आवाज चढवला नव्हता. आपल्या जागी परका माणूस उभा केला म्हणून तो दुखावला होता. ते पुस्तक माझा सूड आहे असं मी समजत होतो, आणि त्याच्यासाठी तो एकच कागद होता ज्यावर ती आणि तो एकत्र होते. तिचा जन्मदाखला नव्हता, फोटो नव्हता, शाळेत तिचं नाव कधी घातलंच नव्हतं. मी त्यातून त्याला खोडून काढलं होतं.

बा उठला, आत गेला. पेटी उघडल्याचा आवाज आला. पिशवी सोडवत तो बाहेर आला आणि पुस्तक माझ्या मांडीवर ठेवलं.

"ह्यातला वाच."

मी म्हटलं, आता कशाला. त्याने वाकून पुस्तक उघडलं. मी वाचायला लागलो. कागद पिवळा पडला होता, वॉचमनच्या नावाभोवती बोटांचे डाग होते. बापाला मी जन्मात कधी नावाने हाक मारली नव्हती, आणि आता प्रत्येक पानावर दहा वेळा ते नाव माझ्या तोंडातून निघत होतं. तीस वर्षांपूर्वी जे त्याच्या तोंडावर बोलायला हवं होतं ते मी आता छापील वाचून दाखवत होतो. बा भिंतीला टेकून, डोळे मिटून ऐकत होता.

मी वॉचमनच्या कबुलीपर्यंत आलो. माझ्या पुस्तकात तो एका वाक्यात कबूल होतो. पाचशे शब्द जास्त झाले होते म्हणून मी तिथे काटछाट केली होती. "हो, मीच उशीर केला," एवढंच तो म्हणतो.

"एवढ्यात नाय झाला ता," बा म्हणाला.

आणि मग त्याने मला ते दोन दिवस सांगितले. त्या वर्षी पावसाने मध्येच ओढ दिली होती, रोपं राबात, म्हणजे पेरलेल्या वाफ्यातच, पिवळी पडायला लागली होती. मग एका रात्रीत खाचरं भरली. आमची जमीन उताराची, पाणी दोन दिवस थांबलं तर थांबलं. पहिल्या सकाळी तिचं अंग तापलेलं होतं, तरी ती मागे मागे शेतात आली आणि बांधावर बसून रोपांच्या मुठी हातात देत राहिली. बाने विचारलं, जव्हारला जाऊ का. ती म्हणाली, उरकू दे. हे सांगितल्यावर तो लगेच म्हणाला, "तिनी बोलला म्हणून काय. बाप मी व्हतो." दुसऱ्या दिवशी तिने भाकरी खाल्ली नाही. दुपारी थंडी वाजते म्हणाली. बाने स्वतःचं इरलं काढून तिच्या इरल्यावर घातलं आणि तो उघडा पावसात आवणी करत राहिला. प्रत्येक ओळ संपली की बांधाकडे बघायचा. ती झोपल्यासारखी दिसायची. झोप लागली, बरं झालं, असं त्याला वाटायचं. संध्याकाळी शेवटची मूठ लावून त्याने तिला खांद्यावर घेतलं. वाटेतला ओहोळ भरून चालला होता. पाणी उतरायची वाट बघत तो काठावर उभा राहिला, तिला खांद्यावर घेऊनच.

"उभा व्हतो तवा तिचा आंग गार झाला," बा म्हणाला. "मला बरा वाटला. मी बोललो, ताप उतरला."

मग तो पेंढ्याकडे बघायला लागला. मी रडत होतो ते त्याने पाहिलं आणि पाहिलं नाही असं केलं. जन्मभर मी लोकांना साक्षीदारांच्या जबान्या वाचायला दिल्या, आणि माझ्या घरच्या मरणाचा जो एकमेव साक्षीदार होता त्याला मी एक प्रश्न विचारला नव्हता.

"मानूस कमी व्हता," एवढं तो शेवटी म्हणाला. "म्हणून दोन दिस लागलं."

हे सांगून तो थांबला, आणि मला माहीत होतं की तो कुठे थांबला आहे. त्याने मला निरोप पाठवला होता. आवणीच्या आदल्या दिवशी पाड्यावरचा एक माणूस जव्हारच्या बाजाराला आला होता, तो आश्रमशाळेत येऊन मला म्हणाला, तुझ्या बाने बोलावलंय, आभाळ भरून आलंय, आवणीला दोन दिवस ये, हात कमी आहेत. मी त्याला सांगितलं, माझी परीक्षा आहे. परीक्षा नव्हती. अधीक्षकांकडून मागून आणलेली एक रहस्यकथा माझ्याकडे होती, दुसऱ्या दिवशी परत द्यायची होती, आणि खून कुणी केला ते मला कळायचं राहिलं होतं. मी गेलो असतो तर आवणी एका दिवसात उरकली असती. हे मी आईला सांगितलं नाही, बायकोला नाही, मुलीला नाही. माझ्या पुस्तकात वॉचमन एकटा आहे. त्याने कुणाला मदतीला बोलावलं होतं आणि तो आला नाही, असं त्यात कुठेही नाही. बाने गुरुजींच्या तोंडून सगळं पुस्तक ऐकलं होतं, आणि काय गाळलंय तेही त्याला कळलं असणार. त्या दोन दिवसांचं सगळं त्याने मला सांगितलं, आपलं काही झाकलं नाही. तेवढा एक निरोप त्याने वगळला.

मी पुस्तक मिटलं.

"पुढं वाच," बा म्हणाला. "राहिला हाय अजून."

पुढे त्याच्या अटकेचं प्रकरण होतं. मी ते वाचलं.